चेनसॉची नवी चेन धक्के मारते: ड्रम बदलू की चेन परत करू?

हर्णै_बागायत:
मंडळी, नमस्कार. दापोली तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे. जून २०२० मध्ये निसर्ग वादळात बरीच झाडं आडवी झाली, तेव्हा ५८ सीसीचा पेट्रोल चेनसॉ घेतला. बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) २० इंची. चेन लागेल तशी बदलत आलो, आतला ड्रम (चेन फिरवणारं दातेरी चाक) मात्र कंपनीतून आला तोच आहे. परवा नवीकोरी चेन घातली, तर रेस दिल्यावर कटकट आवाज येतो, हाताला धक्के बसतात आणि फणसाच्या बुंध्यात घातली की चेन उतरते. कव्हर खोलून पाहिलं, तर ड्रमच्या दातांवर नख अडकेल एवढी खाच आहे. दुकानदार म्हणतो, ३/८ इंच मापाचा ड्रम शिल्लक आहे, तोच बसवा, चालून जातं. बसवू का? रिंगवाला ड्रम मिळतो असंही ऐकलं. पावसाच्या आधी घरावरच्या फांद्या उतरवायच्या आहेत, जाणकारांनी सांगावं.

घाटावरचा:
चेन डुप्लिकेट असणार. परत करा आणि चांगल्या कंपनीची घ्या.

कुडाळ_फिटर:
चेन परत करायची घाई नको. आणि तो ३/८ चा ड्रम कृपा करून बसवू नका.

तुमच्या जातीच्या मशीनला बहुतेक ०.३२५ इंच पिचची (पिच म्हणजे कड्यांमधलं अंतर) चेन असते. खात्री स्वतः करा: चेनचे लागोपाठ तीन रिव्हेट पकडा, पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि दोनाने भागा. एकूण साडेसोळा मिलिमीटर भरलं तर ०.३२५. ३/८ असेल तर ते एकोणीसच्या आसपास जातं. ड्रम एका पिचचा आणि चेन दुसऱ्या पिचची असली, तर एकही कडी दाताच्या घरात नीट बसत नाही. त्यात बारच्या टोकाला जे छोटं चाक असतं, तेही पिचप्रमाणेच असतं. म्हणजे नुसता ड्रम बदलून काम भागत नाही, बारही बदलावा लागतो. ‘चालून जातं’ म्हणणाऱ्याच्या हातात ते मशीन नसतं. चेन तुटली की ती उजव्या हाताच्या दिशेने येते.

आता खाचेबद्दल. ती अर्ध्या मिलिमीटरपेक्षा खोल असेल तर ड्रम संपला. नखाला स्पष्ट लागते म्हणता, म्हणजे गेलाच समजा. जुनी चेन ताणत ताणत त्या झिजलेल्या दातांशी जुळलेली होती, म्हणून इतके दिवस कळलं नाही. नवी चेन बरोबर मापाची आहे, म्हणून ती उड्या मारते. खाच कानशीने घासून सपाट करायचा सल्ला कोणी देईल, तसं करू नका. दाताचा व्यास कमी झाला की पिच आणखी बिघडतं.

ड्रम घ्यायला जाताना जुना ड्रम हातात घेऊन जा. फोनवर ‘५८ सीसीचा द्या’ म्हणू नका, कारण एकाच सीसीच्या मशीनमध्ये वेगवेगळे ड्रम निघतात. दात मोजा (तुमच्यात ७ असावेत), ड्रमचा आतला व्यास पाहा आणि ऑइल पंपाची तार ज्या खाचेत अडकते ती खाच जुन्यासारखीच आहे का ते बघा. ती जुळली नाही तर चेन फिरेल, पण बारला तेल जाणार नाही, आणि बार निळा पडल्यावरच तुम्हाला कळेल. सोबत सुयांची बेअरिंगही नवीच घ्या. जुनी बेअरिंग ठेवली तर नवा ड्रम डगमगतो.

रिंगवाल्याबद्दल: त्यात ड्रम कायम राहतो आणि दातेरी रिंग तेवढी बदलता येते. रोज लाकूड पाडणाऱ्याला परवडतं. वर्षातून चार फांद्या उतरवणाऱ्याला साधा ड्रम पुरेसा आहे.

हर्णै_बागायत:
दादा, मनापासून आभार. मोजलं, साडेसोळाच भरलं. पण ड्रम निघतच नाही. ड्रमच्या पुढे क्लच (इंजिनचा जोर ड्रमला देणारा भाग) आहे आणि तो घट्ट बसलाय. पाना लावून जोर दिला तर पूर्ण इंजिन फिरतं.

कुडाळ_फिटर:
क्लचचे आटे उलटे आहेत. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवला की सुटतो. बऱ्याच क्लचवर बाण कोरलेला असतो, धूळ पुसून बघा. हातोडी-छिन्नीने ठोकू नका, क्लचचे कान तुटतात.

इंजिन अडवायला प्लग काढा आणि त्या भोकातून मऊ नायलॉनचा दोर सिलिंडरमध्ये सोडा. त्याआधी स्टार्टरची दोरी हळू ओढून पिस्टन सायलेन्सरच्या भोकाच्या वर आणा, नाहीतर दोर त्या भोकात जाऊन कापला जाईल. दोराचं एक टोक बाहेर राहू द्या. मग पाना फिरवा, पिस्टन दोरावर टेकून थांबेल. परत बसवताना हाताने आवळून पान्याने थोडा दाब पुरे, चालू मशीनमध्ये तो आपोआप घट्ट होतो.

बेअरिंगला बोटभर ग्रीस लावा. वॉशर कुठल्या बाजूने होता त्याचा फोटो काढल्याशिवाय काहीही सुटं करू नका. आणि कव्हर काढण्याआधी चेन ब्रेक मोकळा आहे ना ते बघा. ब्रेक कव्हरमध्येच असेल आणि लागलेल्या अवस्थेत कव्हर निघालं, तर ते परत बसवताना ब्रेकचा पट्टा ड्रमवर चढत नाही.

हर्णै_बागायत:
निघाला! दात खरंच आकड्यासारखे वाकलेत. नवी चेन वाया गेली का?

कुडाळ_फिटर:
चेनच्या खालच्या टोकदार कड्या बघा. जुन्या ड्रमवर थोडा वेळच फिरली असेल तर त्यांच्या कडेला फक्त बारीक बर (धातूची वर आलेली कोर) आली असेल. सपाट कानशीने ती हलकेच काढा, चेन चालेल. कड्या बारच्या खाचेत अडकत असतील किंवा टोकं चेपली असतील तर मात्र ती ठेवू नका. शक्य असेल तर या ड्रमसोबत दोन चेन घ्या आणि आलटून पालटून वापरा, म्हणजे दोन्ही चेन आणि ड्रम एकत्रच झिजतील. दुसरी चेन घेताना २० इंच एवढंच सांगू नका. तुमच्या चेनच्या खालच्या कड्या मोजा (या बारवर बहुधा ७६ असतात), आणि बारवर कोरलेली खाचेची जाडी, ०.०५८ इंच असेल तर तीच, दुकानात दाखवा.