प्रति: आफ्टरस्कूल म्हणजे नुसतं पाळणाघर?

वर कुणीतरी लिहिलंय की इथलं आफ्टरस्कूल (शाळा सुटल्यावर शाळेतच मुलं सांभाळायची सोय) म्हणजे संध्याकाळी सहापर्यंत पोरं मैदानात सोडून देतात, बाकी काही नाही. आमचा अनुभव वेगळाय, कॅलिफोर्नियातली सरकारी शाळा, लेक तिसरीत. २००२ साली इथे लोकांनी मतदान करून प्रपोझिशन ४९ (आफ्टरस्कूलसाठी राज्याचा पैसा राखून ठेवणारा कायदा) पास केलं, त्या पैशातून हे चालतं, शाळा सुटल्यापासून निदान सहापर्यंत चालू ठेवावंच लागतं आणि २० मुलांमागे एक माणूस हवाच असा नियम आहे.

शाळा सुटली की सगळी पोरं मोठ्या हॉलमध्ये, हजेरी, मग खाऊ. दूध, सफरचंदाच्या फोडींची पिशवी, असलंच काहीतरी, म्हणून मी डब्यात चिवडा देते, तोही बिनदाण्याचा, कारण शेंगदाणे वर्गात आणायचेच नाहीत (बिनदाण्याचा चिवडा म्हणजे शिक्षाच, पण असो).

मग होमवर्क. तो होतो, पण बरोबर आहे का ते कुणी बघत नाही, एका माणसाला वीस पोरं, करणार काय तो बिचारा, घरी आल्यावर गुणाकार मीच तपासते.

आणि हो, न्यायला कोण येणार त्यांची नावं आधीच फॉर्मवर घाला. माझे बाबा पुण्याहून आले होते तेव्हा ते न्यायला गेले, नात आजोबा आजोबा करून गळ्यात पडली तरी यादीत नाव नाही म्हणून सोडली नाही, शेवटी मीटिंग सोडून मी पळत गेले. तेव्हा मी चिडले होते, आता वाटतं बरोबरच केलं त्यांनी.