परसातल्या तळ्याचा गाळ काढताना बेडूक-मासे कसे वाचवावेत?

खानापूरकर (प्रश्न)
नमस्कार. आमच्या परसात जांभ्या दगडांनी बांधलेले, सुमारे १२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि कमरेइतके खोल तळे आहे. तळाशी वीतभर काळा गाळ साठला असून निम्मे पाणी जलपर्णीने झाकले आहे. गेल्या मे महिन्यात पाणी आयतेच कमी झालेले पाहून मी मोटार लावली आणि एका सकाळीच सगळे उपसून टाकले. गाळात फावडे मारले तेव्हा ढेकळाबरोबर अंग आक्रसून बसलेला एक मोठा बेडूक वर आला आणि त्याच्या पाठीवर फावड्याची धार लागलेली होती. बादल्यांत काढून ठेवलेले निम्मे गप्पी मासेही संध्याकाळपर्यंत मेले. काम तिथेच थांबवले, म्हणून गाळ तसाच राहिला आहे. या तळ्यात गोगलगायी आहेत, चतुर अंडी घालतात आणि अधूनमधून विरोळा हा पाणसापही दिसतो. यंदा हे काम केव्हा आणि कसे करावे?

टिळकवाडीची ताई
दादा, चूक महिन्याची झाली. उन्हाळ्यात पाणी आटू लागले की आपल्याकडचे बरेच बेडूक ओल्या गाळात स्वतःला गाडून घेतात आणि मृगाच्या सरींबरोबर बाहेर येऊन अंडी घालतात. त्यामुळे मे महिन्यात गाळाखाली बेडूक असतात आणि पावसाळ्यात पाण्यात त्यांची पिल्ले असतात. दिवाळी ते संक्रांत हा काळ योग्य, कारण तोवर बहुतेक पिल्लांना पाय फुटून ती काठावर आलेली असतात आणि पाणीही गार असते.

मासे का मेले, तेही सांगते. ऊन पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि काळा गाळ ढवळला की उरलासुरला प्राणवायूही झपाट्याने खर्ची पडतो. तुम्हाला त्या वेळी कुजक्या अंड्यासारखा वास आला असेलच. मासे काढायचे ते गाळाला हात लावण्यापूर्वी, आणि ठेवायचे ते उभट बादलीत नव्हे, तर तळ्याचेच निवळ पाणी भरलेल्या पसरट टबात, सावलीत, दाटी न करता आणि वरून जाळी घालून. चतुराची पाण्यातली पिल्ले मात्र वेगळ्या टबात ठेवा, कारण ती बेडकांची पिल्ले आणि बारीक मासे खातात.

निपाणीचा माळी
ताईंशी सहमत आहे, फक्त एक भर घालतो. सगळे तळे एकदम साफ करू नये. यंदा निम्मा गाळ काढा आणि उरलेला पुढच्या हिवाळ्यात, म्हणजे त्यात राहणाऱ्या जिवांना सरकायला जागा उरते. पाणीही तळ दिसेपर्यंत उपसू नका, निदान तिसरा हिस्सा राहू द्या. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह टोपलीत ठेवून वरून मच्छरदाणीचे कापड बांधा, नाहीतर पिल्ले ओढली जातात.

काढलेला गाळ थेट घमेल्यातून आंब्याच्या आळ्यात नेऊ नये. तो काठावर गोणपाटावर, पाण्याकडे उतार ठेवून, पातळ पसरावा आणि दोन रात्री तसाच राहू द्यावा. मी स्वतः पाहिले आहे की अंधार पडल्यावर गोगलगायी आणि किडे एकामागोमाग पाण्याकडे सरकू लागतात. जलपर्णी उपटताना तिच्या मुळ्या बादलीभर पाण्यात तीन-चारदा झटकाव्यात, कारण झुबक्यात बारीक जीव भरलेले असतात. मग ती वाळवून खतात घालावी, ओढ्यात किंवा मलप्रभेत कदापि टाकू नये. जादा झालेले गप्पीही नदीत सोडू नयेत, ते आपल्या नदीतले नव्हेत.

दगडांवरचे शेवाळ घासून चकाचक करण्याचा मोह टाळा, कारण पाणी निर्मळ ठेवणारे सूक्ष्म जीव तिथेच असतात. ब्लीचिंग पावडर आणि मोरचूद तर हातातच धरू नका. भर घालताना विहिरीचे पाणी उत्तम. नळाचे असल्यास क्लोरीन उडून जाण्यासाठी ते उघड्या पिंपात एक-दोन दिवस ठेवा आणि थोडे थोडे सोडा.

खानापूरकर
मनापासून आभार. काम आता डिसेंबरमध्येच धरतो. पण विरोळ्याला घरातील मंडळी घाबरतात. त्याला काठीने हुसकावून लावावे का?

टिळकवाडीची ताई
नको. विरोळा बिनविषारी आहे, मात्र पकडायला गेल्यास कडकडून चावतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये त्याला मारणे गुन्हाही आहे. पाणी हळूहळू उतरवले आणि काठावर एका बाजूला गर्दी केली नाही, तर तो आपण होऊन निघून जातो. साप नक्की कोणता, अशी शंका आली तर काम थांबवून जवळच्या सर्पमित्राला बोलवा. आणि तळ्याच्या भिंती उभ्या असतील, तर एका कोपऱ्यात दगड रचून पाण्याबाहेर येण्यापुरती उतरंड करून ठेवा. पावसाळ्यात पाय फुटलेल्या एवढ्याएवढ्याशा बेडकांना बाहेर पडायला ती लागते.