दोघांसाठी हवेची कयाक: धोमच्या पाण्यासाठी घेताना काय तपासावं?

वाईचा_काठ:
नमस्कार मंडळी. वाईजवळच्या धोम धरणाच्या जलाशयात सकाळी तास-दोन तास वल्हवायला दोन जणांची हवा भरायची कयाक (वल्ह्याची लांबट, अरुंद होडी) घ्यायची आहे. गाडी लहान आहे, त्यामुळे घडी होणारीच हवी. वजनं ६८ आणि ८१ किलो, शिवाय पाणी, डबा वगैरे १० किलो. दोघांपैकी एकालाच पोहता येतं. इंटेक्स कंपनीची एक्सप्लोरर के-२ की चॅलेंजर के-२, यात अडलंय. दोन्हींवर १८० किलोची मर्यादा लिहिलीय आणि आमचं १५९ होतं, म्हणजे चालावं. परत करायची मुदत १० दिवसांची आहे. तेवढ्यात घरी काय तपासून घेऊ? आणि सांगलीला गेल्यावर कृष्णेत उतरवता येईल का?

सपाट_पाणी:
१८० हा तरंगण्याचा आकडा आहे, सुखाने वल्हवण्याचा नाही. मर्यादेच्या तीन चतुर्थांशापर्यंतच भार धरावा, म्हणजे इथे १३५ किलो. तुम्ही त्याच्या बराच वर जाताय. कयाक बुडणार नाही, पण खोल बसेल, जड चालेल आणि कडेने पाणी आत येईल.

आता आकार. एक्सप्लोरर ३१२ सें.मी. लांब आणि ९१ रुंद, चॅलेंजर ३५१ लांब आणि ७६ रुंद. रुंद असते ती डोलत नाही, पण वल्हं मारलं की नाक डावी-उजवीकडे फिरत राहतं. लांब आणि अरुंद असते ती सरळ जाते आणि त्याच ताकदीत जास्त अंतर कापते, पण चढता-उतरताना सांभाळावं लागतं. एकाला पोहता येत नाही म्हणताय, तर या दोघींत मी रुंदीला मत देईन. मात्र लांबी बाहेरून मोजलेली असते हे विसरू नका. पाय पसरून बसलेल्या मोठ्या माणसाला पाठीपासून टाचेपर्यंत मीटरभर जागा लागते. हवा भरल्यावर दोघांनी घरातच फरशीवर आत बसून बघा. मागच्याचे गुडघे पुढच्याच्या पाठीत रुतत असतील तर अर्ध्या तासात कंबर धरेल. जड माणूस मागे, हलका पुढे. उलट बसलात तर नाक दबतं आणि कयाक वळायला लागते.

सगळ्यात महत्त्वाचा तळ. या स्वस्त कयाकींचा तळ म्हणजे शेजारी शेजारी हवेच्या नळ्या. दोघांचं वजन मधे पडलं की त्याची झोळी होते, नाक आणि शेपूट वर उचलतात आणि पुढे जाणारी ताकद पाणी ढकलण्यात जाते. ‘ड्रॉप-स्टिच’ तळात वरचा आणि खालचा थर हजारो धाग्यांनी जोडलेला असतो. त्यामुळे ६ ते १० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा बसते आणि तळ फळीसारखा कडक होतो. किंमत बरीच वाढते, पण तुमच्या वजनाला पैसे घालायचे तर तिथेच घाला. नाही जमलं तर सामान कमी करा आणि काठालगत राहा.

पहिल्यांदा पाण्यात बसाल तेव्हा बाजूची नळी मध्यभागी पाण्याच्या किती वर राहते ते पाहा. 

नळीची_गळती:
१० दिवसांतला पहिला दिवस पूर्ण हवेच्या चाचणीला द्या. आधी फरशी झाडून घ्या, एक खडा पुरतो.

व्हॉल्व्हजवळ क्रमांक छापलेले असले तर त्याच क्रमाने भरा. पातळ व्हिनाइलला (म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकला) साधारण १ पीएसआय पुरतो, आणि टायरच्या गेजवर हा आकडा नीट दिसतच नाही. काही कयाकींवर छापील पट्टी असते. हवा भरली की व्हिनाइल ताणून ती लांबते आणि सोबतच्या मोजपट्टीशी जुळली की थांबायचं. पेट्रोल पंपाची हवा किंवा टायरचा कॉम्प्रेसर अजिबात लावू नका. शिवण उसवायला दोन सेकंद लागतात.

नवं व्हिनाइल पहिल्या तासात ताणतं आणि नळी सैल वाटते. ती गळती नव्हे. तासाभराने पुन्हा भरा आणि मगच मोजायला घ्या. शिंप्याची टेप प्रत्येक नळीभोवती तीन ठिकाणी गुंडाळून घेर लिहून ठेवा, मोजल्या जागी पेनाने खूण करा. २४ तासांनी, खोलीचं तापमान साधारण तेवढंच असताना, त्याच खुणांवर परत मोजा. एकच कप्पा उतरला आणि बाकीचे टिकले, तर दोष त्या कप्प्यात आहे.

मग भांड्यांच्या साबणाचा फेस ब्रशने व्हॉल्व्हच्या कडेला आणि शिवणींवर लावा. बुडबुडे व्हॉल्व्हमधून येत असतील तर घाबरू नका. बॉस्टन व्हॉल्व्हला आत पातळ रबरी पडदा असतो, त्याखाली वाळूचा कण अडकला की हवा झिरपते. उघडून पुसा, आटे तिरके न बसवता फिरवा. बुडबुडे शिवणीतून आले तर ठिगळ लावत बसू नका, सरळ परत पाठवा. शिवणीवर ठिगळ टिकत नाही.

वाईचा_काठ:
खूप उपयोगी. जास्तीची एक शंका: घरी भरून ठेवली आणि काठावर नेली तर?

नळीची_गळती:
भरलेली कयाक लहान गाडीत मावणार कुठे, आणि मावली तरी काठावरच भरा. सकाळी २० अंशांना १ पीएसआय भरून उन्हात ठेवली आणि आतली हवा ४५ अंशांवर गेली, की दाब दुपटीच्या आसपास जातो. व्हिनाइल थोडं ताणून काही दाब पोटात घेतं, पण शिवणीवर ताण येतोच. उलट, गरम हवा भरून गार पाण्यात उतरवली की पाच मिनिटांत सैल पडते. म्हणून पंप सोबत ठेवा, पाण्यात पाच मिनिटं ठेवून वरची हवा भरा आणि मग निघा. जेवायला काठावर थांबलात तर सावलीत ओढा आणि थोडी हवा सोडा.

कृष्णाकाठ_सांगली:
सांगलीच्या कृष्णेबद्दल स्पष्ट सांगतो: उतरवू नका. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यात मगरी आहेत, आणि हवेच्या कयाकीत माणूस पाण्याच्या अगदी लगत बसतो. फेब्रुवारी ते जून हा त्यांचा अंडी-पिल्लांचा काळ, तेव्हा काठाची मादी जास्त आक्रमक असते.

मगरीइतकाच धोका कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचा. वरच्या बाजूला पाणी आरशासारखं स्थिर दिसतं, पण बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेल्या गाळ्याकडे ओढ असते. तिथे हवेची कयाक आडवी अडकली की सोडवणं जवळजवळ अशक्य. खालच्या बाजूचा भोवरा पाण्यात पडलेल्या माणसाला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याकडे ओढतो. शिवाय काठाला उपसा योजनांचे पाइप, लोखंडी अँगल, मोटारींच्या वायरी. जलपर्णीत शेपटीखालची फिन (कयाक सरळ ठेवणारं पातं) गुंतते ती वेगळीच.

धोमलाही जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात विचारूनच उतरा. धरणाच्या भिंतीपासून आणि सांडव्यापासून लांब राहा. कोयनेच्या शिवसागरचा मोठा भाग अभयारण्यात येतो, तिथे परवानगीशिवाय जाऊ नका. पावसाळ्यात कुठेच नको.

सपाट_पाणी:
वाऱ्याचं राहिलं. ही कयाक म्हणजे पाण्यावरचं शीड. उन्ह चढलं की धोमच्या खोऱ्यात वारा उठतो, म्हणून उजाडताच उतरून दहाच्या आत काठाला या. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. फिन लावाच, तिच्याविना ही कयाक जागच्या जागी फिरते. सोबतची वल्ही २१८ सें.मी.ची असतात. ९१ रुंदीला ती आखूड पडतात आणि बोटं नळीवर घासतात. २३० ते २४० ची घ्या.

पोहता न येणाऱ्याला ५० न्यूटनचं (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या ताकदीचं माप) जॅकेट पुरत नाही, ते पोहणाऱ्यासाठी असतं. १०० न्यूटनचं घ्या, आणि दोघांनीही काठ सोडण्याआधी बक्कल लावा. पहिल्या दिवशी कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम उतरून परत चढायचा सराव करा: एकाने पलीकडची कड दाबून धरायची, दुसऱ्याने पाय मारत शरीर आडवं आणायचं आणि पोटावर घसरत आत यायचं. उभं राहून चढायला गेलात तर कयाक उलटते.

नळीची_गळती:
धोमच्या काठाला बाभळीचे काटे असतात, तेव्हा कयाक ओढू नका, दोघांनी उचलूनच न्या. छिद्र पडलंच तर पंक्चरवाल्याचं रबर सोल्युशन लावू नका, ते पीव्हीसीला धरत नाही. व्हिनाइलसाठीचा गोंद आणा. जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. ठिगळ गोल कापा, छिद्राच्या चहूबाजूंनी तीनेक सें.मी. जास्त, कारण कोपरे आधी सुटतात. कप्प्यातली हवा पूर्ण काढून चिकटवा, वर वजन ठेवा आणि एक दिवस हवा भरू नका.

आणि ठेवताना पूर्ण वाळवून सैल गुंडाळी करा. माळ्यावर उंदीर असतील तर तिथे नको, पत्र्याच्या पेटीत ठेवा.