संसाराचं सामान: हाताने केलेलं घ्यावं की नेहमीचं?

दोन_खोल्या

नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात लग्न आहे. भांडुपला वन बीएचके भाड्याने घेतलाय आणि ताट-वाटीपासून सगळं घ्यायचंय. दोघंही नोकरी करतो, त्यामुळे हात अगदी आखडता नाही, पण उधळायलाही नाही. ढीगभर वस्तू आणण्यापेक्षा मोजक्या आणाव्यात आणि त्या चांगल्या, कारागिराच्या हातच्या असाव्यात, असं फार दिवस मनात आहे. आजीकडे कुडाळला पितळेचं पातेलं आहे, तिच्या सासूच्या वेळचं. त्यात अजून रोज भात शिजतो. आमच्या घरातलं नॉनस्टिक मात्र दर दोन-तीन वर्षांनी भंगारात जातं.

माझी यादी अशी: येवल्याची पैठणी, पितळेची दोन-तीन पातेली, तांब्याची कळशी, आम्हा दोघांना कोल्हापुरी, एक घोंगडी आणि कापसाची गादी. सासूबाई म्हणतात, स्टील घ्या आणि मोकळे व्हा. त्यांनी आयुष्यभर भांडी घासलीत, त्यामुळे त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही.

अडचण अशी की नेटवर हल्ली सगळ्यावरच ‘हॅण्डमेड’ लिहिलेलं असतं. पैठणी पाच हजारांनाही दिसते आणि लाखालाही. ओळखायचं कसं? मुंबईच्या दमट हवेत हे टिकतं का? आणि पैसे घालायचेच तर आधी कशावर?

शेवटची_लोकल

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. आमच्या लग्नात पितळेचा अख्खा संच आला होता. भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, हे मी चिंचेने घासणार नाही. तेव्हापासून संच माळ्यावर आहे. रात्री नऊला घरी पोचणाऱ्या माणसाने स्टील घ्यावं, कुकर घ्यावा. पैठणी घ्या, ती आयुष्यात एकदाच घेतली जाते. बाकी सगळं हौसेचं काम आहे आणि हौसेला वेळ लागतो.

लालबागची_रफूवाली

पितळ माळ्यावर जातं हे मी घरोघरी पाहिलंय. कल्हईवाला कुठे भेटतो हे घरात कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून जातं. मी लग्न होऊन लालबागला आले तेव्हापासून फॉल-पिको आणि रफूचं काम करते. वडील परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणायच्या खात्यात होते. कापड हातात घेऊनच मोठी झाले, तेव्हा दोन गोष्टी सांगते.

वस्तू घेण्याआधी एकच विचार: ही बिघडली तर नीट कोण करणार? ज्याला दुरुस्ती आहे, त्यावर पैसे घाल. ज्याला नाही, ते कितीही देखणं असलं तरी स्वस्तातलं घे. हाताने केलेल्या चांगल्या वस्तूची खरी श्रीमंती मला यातच दिसते. ती हाताने झालेली असते, म्हणून हाताने पुन्हा उभी करता येते.

पैठणीपासून सुरू करते, कारण फसवणूक तिथे सगळ्यात जास्त होते. दुकानात साडी उलगडली की पदराची सुलट बघत बसू नकोस, पदर उलटा कर. हातमागाच्या पैठणीत प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी वेगळी असते. विणकर ती नक्षीपुरतीच आडवी फिरवतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत आणतो. त्यामुळे मोर, कमळ, आसावलीची वेल उलट्या बाजूनेही जवळजवळ तशीच दिसते. मागे लोंबणारे धागे नसतात. नीट पाहिलंस तर मोराच्या मानेची गोलाई बारीक पायऱ्या-पायऱ्यांची असते, कारण ती एकेक धागा मोजून चढवलेली असते. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी आपोआप उठवणाऱ्या यंत्रणेवर काढलेल्या साडीत हीच गोलाई गुळगुळीत येते आणि मागे रेशमाचे धागे एका बुट्टीपासून दुसऱ्या बुट्टीपर्यंत मोकळे धावतात. काही ठिकाणी ते कापलेले असतात, काही ठिकाणी मागे जाळी लावून झाकलेले.

आता हे माझ्या टेबलावर कसं येतं बघ. मोकळे धागे बांगडीत, अंगठीत, मंगळसूत्रात अडकतात. एक धागा ओढला गेला की पुढून बुट्टी चुणते, आणि तो धागा परत जागेवर बसवणं फार कठीण. अशा साड्या आल्या की मला बहुतेक वेळा नाही म्हणावं लागतं. हातमागाची पैठणी घडीवर फाटून येते, तेव्हा मी तिच्याच आतल्या टोकाचा, निऱ्यांत खोचला जाणारा धागा काढते आणि त्याने रफू भरते. रंग तोच, पीळ तोच. उजेडात धरली तरच कळतं.

सहीशिक्क्यांबद्दल: सिल्क मार्क असला की रेशीम शुद्ध, एवढंच कळतं. साडी हातमागाची आहे की नाही ते त्यावरून कळत नाही. त्यासाठी हॅण्डलूम मार्क वेगळा असतो, तो 2006 साली सुरू झाला. दोन्ही विचार. साडीतली जर कोणती आहे तेही विचार. खऱ्या जरीत चांदीची तार असते. आजच्या बऱ्याच पैठण्यांत टेस्टेड जर असते, त्यात तांब्याची तार. टेस्टेड जरीची साडी वाईट नसते, पण तिला खऱ्या जरीचा भाव देऊ नये.

मुंबईची हवा म्हणशील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत पैठणी कधीही ठेवू नकोस. जुन्या धुतलेल्या मलमलीत किंवा धोतरात गुंडाळ, दसऱ्याच्या सुमारास बाहेर काढून घडी बदल. अत्तर-स्प्रे जरीवर नको. डांबरगोळी साडीला टेकता कामा नये.

आणि हे ऐक: यंत्रावर झालं म्हणून कापड हलकं होत नाही. सोलापुरी चादर बहुतेक यंत्रमागावरच निघते, पण सूत चांगलं असेल तर पोरं मोठी होईपर्यंत टिकते. आमचे वडील गिरणीतलं धोतर नेसायचे, ते विरायला वर्षं लागायची. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ते साचे पुन्हा पहिल्यासारखे कधी चालले नाहीत. पण कापड कसं बघायचं ते त्यांनी शिकवलं होतं. सुती कापड दोन बोटांत जोराने चोळायचं. पांढरी भुकटी निघाली तर समज, अंगाचं भरलेपण खळीचं आहे, सुताचं नाही. असलं कापड पहिल्या धुण्यातच मऊ फडकं होतं. चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल घेताना हे करायला लाजू नकोस. दुकानदार बघत असला तरी चोळ.

दोन_खोल्या

काकू, मला हेच हवं होतं! मी पाच-सहा दुकानं फिरले, पण साडी उलटी करून बघा असं एकानेही सांगितलं नाही. पितळ आणि गादीबद्दल पण सांगाल का? आणि शेवटची_लोकल, तुमच्या मावशींचा मुद्दा मी लिहून ठेवलाय, आमच्याकडेही तीच अडचण येणार.

लालबागची_रफूवाली

आधी सांग, घरी गॅस आहे की इंडक्शन? पितळ आणि तांबं साध्या इंडक्शनवर तापतच नाही. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आणि साधं लोखंड तापतं.

म्हणून मी म्हणेन, सुरुवात बिडाच्या तव्याने कर. यादीत तू तो लिहिलाच नाहीस. किंमत कमी, घावन-आंबोळी सुरेख सुटतात, आणि बिघडण्यासारखं त्यात काही नाही. गंज चढला तर घासायचा, तेल लावून तापवायचा, पुन्हा तयार. पावसाळ्यात धुतल्यावर गॅसवर मिनिटभर कोरडा करून तेलाचा हात फिरव.

पितळेचं पातेलं घेशील तर एकच घे, जाड बुडाचं. मुंबईतल्या तांबाकाट्याला, भांड्यांच्या बाजारात, वजनावर मिळतं, उचलून बघ. आत कल्हई हवीच, नाहीतर ताक, आमटी, कोकम कळकतं. आमच्या चाळीत कल्हईवाला यायचा तेव्हा आम्ही पोरं गोल करून बसायचो. तो भांडं निखाऱ्यांवर लाल होईस्तोवर तापवायचा, आत नवसागर टाकायचा, भसकन पांढरा धूर उठायचा. लगेच कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्याने सगळीकडे फिरवायचा. काळपट पितळ डोळ्यांसमोर चांदीसारखं व्हायचं. मग चिमट्याने उचलून पाण्यात बुडवायचा.

हे कथील 232 अंश सेल्सिअसलाच वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापत ठेवायचं नाही, त्यात मोठ्या आचेवर फोडणी करायची नाही, आत स्टीलची घासणी फिरवायची नाही. लाकडी पळी वापर. एवढं सांभाळलंस तर रोजच्या भाताला वर्षातून एखाददुसऱ्या वेळी कल्हई पुरते. बाहेरून चिंच लावून लखलखीत करायची सक्ती कुणी केली नाही. बाहेरचा काळपटपणा अन्नाला लागत नाही. मावशींना साध्या साबणाने घासू दे.

तांब्याची कळशी पाण्यापुरती ठेव, आंबट काही घालू नकोस. पुण्याच्या तांबट आळीतली मठारलेली भांडी बघितलीस तर त्यावरचे ठोके नुसते शोभेचे नसतात. हातोडीच्या माराने पत्रा कडक होतो, पोचा लवकर येत नाही. यंत्रावर ठसे उठवून तसं दिसणारं काम बाजारात पुष्कळ आहे. ठोके सगळे एकसारखे, एका मापाचे दिसले तर शंका घे.

पंचगंगा_ते_परळ

काकू, कोल्हापुरीबद्दल मी लिहितो, गावचा विषय आहे. 2019 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तो कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना. तेव्हा कर्नाटकातल्या अथणीकडची चप्पलही अस्सल कोल्हापुरीच, कुणी नाक मुरडलं तर ऐकू नका. 2025 मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीच्या मिलानच्या शोमध्ये तशाच चपला दिसल्या आणि केवढी ओरड झाली, आठवत असेल. तेव्हा आमच्याकडच्या कारागिरांचं म्हणणं एवढंच होतं की नाव तरी घ्या.

घेताना तळ वाकवून बघा. अस्सल कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं. वास मातकट येतो, रसायनाचा भपका येत नाही. शिवण कातडी वादीची असते, खिळा नसतो. नवी चप्पल पहिले काही दिवस लागतेच, आतून खोबरेल लावून घरात घालून फिरा. मुंबईत जूनपासून सप्टेंबरपर्यंत ती कागदात गुंडाळून ठेवा, एका भिजण्यात तळ फुगतो. काकूंच्या नियमाने बघाल तर ही पास आहे: चपलेचा अंगठा तुटला, वादी सुटली तर कोपऱ्यावरचा चांभारही शिवून देतो.

शेवटची_लोकल

बाहेरून काळं राहिलं तरी चालतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. आज माळ्यावरून एक पातेलं काढतो. पूर्व उपनगरात कल्हई करणारं कोणी माहीत असेल तर कृपया लिहा.

लालबागची_रफूवाली

फिरता कल्हईवाला आता क्वचित दिसतो. जुन्या भांड्यांच्या दुकानात विचारा, ते भांडी गोळा करून कल्हईला पाठवतात. कुर्ला, घाटकोपरच्या बाजारातल्या जुन्या भांडेवाल्यांकडे आधी चौकशी करा.

मुली, राहिली घोंगडी आणि गादी. घोंगडी दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली, अंगाला खरखरीत. भांडुपला ती पांघरायची थंडी कुठली? बसायला अंथरायची असेल तर घे. मात्र हौस म्हणून नंतर कधीतरी, सांगोला-आटपाडीकडे जाणं झालं की.

गादी मात्र नक्की कापसाची कर. फोमची दबली की टाकायची. कापसाची दबली की पिंजाऱ्याकडे द्यायची, तो खोळ उसवून तोच कापूस पिंजतो आणि पुन्हा भरतो. दर दोन-तीन वर्षांनी हा खर्च आहे, पण गादी तीच राहते. भरताना समोर बस. मूठभर कापूस हातात घेऊन ओढून बघ. धागा लांब सुटला तर चांगला. तुकडे-तुकडे निघाले, सरकीचे काळे कण दिसले तर गिरणीचा टाकाऊ कापूस मिसळलाय. टाके जवळजवळ घालायला सांग, लांब टाक्यांत कापूस सरकून गोळे होतात. खोळ जाड मांजरपाटाची. भाड्याच्या घरात गच्ची वापरायला देतात का ते आधी मालकाला विचार, कारण कापसाला ऊन लागतं. गच्ची नसेल तर एका मोठ्या गादीऐवजी दोन सुट्या एकेरी भरून घे, खिडकीतल्या उन्हातही उभ्या करता येतात.

पावसात कापूस दमट असतो, म्हणून भरायचं काम दिवाळीनंतरच काढ. लग्न मार्गशीर्षात आहे, वेळ पुरतो. आणि पैठणी पसंत केलीस की पैसे देण्याआधी पदराच्या उलट्या बाजूचा फोटो इथे टाक, मी बघून सांगते.