मदत हवी आहे: बाथरूममधल्या गॅस गीझरचा धोका सोसायटीत कसा पटवावा?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला सिडकोत राहतो. जुनी इमारत, १६ घरं, त्यातल्या ११ घरांत गॅस गीझर बाथरूमच्या आतच. आमच्याकडेही तसाच होता.

गेल्या डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली होती. गार वारा येतो म्हणून आईने खिडकीच्या काचांच्या फटींत वर्तमानपत्राचे बोळे कोंबले होते. आंघोळीला गेली आणि बादली भरून वाहण्याचा आवाज येतच राहिला. हाका मारल्या, ओ नाही. ती कडी कधीच लावत नाही, म्हणून दार उघडता आलं. भिंतीला टेकून बसली होती. डोळे उघडे, पण शब्द फुटेना. तशीच उचलून गॅलरीत आणली. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर ९८! मला हायसं वाटलं, आणि तिथेच मी चुकत होतो. गीझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू रक्तात भिनलेला असतानाही ते यंत्र आकडा चांगला दाखवू शकतं, हे डॉक्टरांनी सांगितलं. ऑक्सिजन लावल्यावर आई सावरली.

आता अडचण अशी, की शेजारी म्हणतात, "वास आला की बंद करू." सिलिंडरच्या गॅसला वास मुद्दाम घातलेला असतो हो! हवा कमी पडून गॅस अर्धवट जळला की हा कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. तो रक्तात ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट धरतो. डोकं दुखतं, मळमळतं, लोकांना पित्त वाटतं. आमचे वॉचमनकाका तर थंडीत केबिनचं दार लावून कोळशाची शेगडी पेटवतात. तिथेही हाच वायू साठतो, म्हणून त्यांचीही काळजी वाटते.

आम्ही गीझर गॅलरीत हलवला. पण ज्यांना गॅलरीच नाही, त्यांनी काय करावं? धूर बाहेर नेणारा पाइप कुणी बसवून घेतलाय का, खर्च किती आला? कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नाशिकमध्ये दुकानात मिळतो का? बाथरूममध्ये वाफ असते, मग तो नेमका कुठे लावायचा? आणि लिफ्टशेजारी लावायला चार ओळींचा, आजी-आजोबांनाही कळेल असा मजकूर कुणी लिहून द्याल का?

कोजागिरीला सगळे गच्चीवर जमतात, तेव्हा हा विषय काढणार आहे. त्याआधी उत्तरं मिळाली तर फार बरं होईल.