थैलीतले भिजलेले पाव

अबोली:
आमची आई फोंड्याजवळच्या गावात एकटी राहते. वय 74. बाबा गेल्यापासून मी तिला पणजीला चल म्हणते, ती येत नाही. तुळस आहे, मांजर आहे, परसात माडाचे नारळ पडतात ते कोण गोळा करणार, तिची कारणं संपत नाहीत. रोज सकाळी पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, सायकलचा भोंपू वाजवत येतो. आईची कापडी थैली रात्रीच गेटला अडकवलेली असते. तो त्यात 2 पोई आणि 2 उंडे असे पाव टाकतो, हिशेब महिन्याचा.

आषाढात एकदा तो आला तर कालचे पाव थैलीत तसेच होते. पावसाने फुगून त्यांचा लगदा झालेला, थैलीचा तळ लोंबत होता. आदल्या दिवशी आईला ताप होता म्हणून ती गेटपर्यंत आलीच नव्हती, आणि रात्री न्हाणीच्या उंबऱ्याशी पडली होती. मी त्या संध्याकाळी फोन केला नाही. ऑफिसातून उशिरा आले, उद्या करू म्हटलं. पोदेराने थैलीत हात घालून पाहिलं, सायकल गडग्याला टेकवली, दोन हाका मारल्या आणि शेजारच्या वहिनींना उठवलं. आई चार दिवसांनी घरी आली.

जगण्याला अर्थ कुठे असतो, हे शोधायला मी दोन निवासी शिबिरं केली आहेत. हातात वह्या भरून टिपणं आली. पण त्या ओल्या थैलीत हात घालणाऱ्या माणसाने मला जे दिलं, ते त्या वह्यांत नव्हतं. रोजच्या जगण्यात याहून मोठं काही शोधावं असं मला आता वाटत नाही. तुम्हाला पटतं का?

सडेतोड:
आई सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं, ताई. पण मला पटत नाही. तो पोदेर त्या दिवशी आजारी असता तर? एकट्या माणसाचा जीव कुणाच्या तरी चांगुलपणावर सोडून आपण समाधान मानायचं, याची मला भीती वाटते. आमच्या वाड्यावर मोठमोठ्या घरांत एकेक म्हातारं माणूस उरलंय. मुलं मुंबईत, आखातात, बोटीवर, नाहीतर पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला 2,000 रुपये येतात, त्यात गोळ्यांचं भागत असेल. पण दाराशी जाऊन ‘आज्ये, बरी आहेस ना’ असं विचारणारं माणूस पंचायतीने नेमावं, ही मागणी ग्रामसभेत कुणी करत नाही. गोड आठवण लिहिली की ती मागणी मागे पडते.

आणि ज्याचं कौतुक चाललंय तो मध्यरात्री उठून लाकडाच्या भट्टीपुढे उभा राहतो. त्याच्या घरी कोण आहे, हे आपल्यापैकी कुणी विचारलंय?

अंत्रूजकर:
पोदेर सकाळी 6 ला येतो. पंचायतीचा माणूस ऑफिस उघडल्यावर येणार. पडलेल्या माणसाला मधले तास फार असतात.

दिवाडहून:
मी अबोलीताईंच्या बाजूने. मांडवीतल्या दिवाड बेटाला पूल नाही, जुन्या गोव्याच्या धक्क्यावर फेरीबोट धरावी लागते. चालत जाणाऱ्याला तिकीट नाही. मागच्या आठवड्यात खलाशी बोटीची फळी उचलणार तोच एक बाई गणवेशातल्या मुलाला ओढत धावत येताना दिसली. त्याने उचललेली फळी पुन्हा खाली सोडली. मुलगा चढला, धापा टाकत खलाशासमोर हात जोडून उभा राहिला. खलाशाने त्याची टाय सरळ केली. आम्ही सगळे बघत होतो. दिवसभर ते डोळ्यांसमोरून गेलं नाही.

जुलै 1986 मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला तेव्हा पणजी-बेती वाहतूक फेरीबोटींवर आली. वडील सांगतात, धक्क्यावरच्या गर्दीत अनोळखी माणसं एकमेकांची पोरं कडेवर घेऊन उभी असायची. पुलावर सरकारचा पैसा होता, तरी तो पडला. तेव्हा लोकांनीच एकमेकांना पलीकडे नेलं.

रात्रपाळी:
दिवाडहून, तुमच्या मनाला लागेल असं लिहिते, माफ करा. मी परिचारिका आहे, मीही फेरीबोटीनेच येते-जाते. बोट दोन मिनिटं थांबली की पलीकडची माझी बस सुटते आणि पुढचीसाठी अर्धा तास उभं राहावं लागतं. वॉर्डात मी येईन तेव्हाच मोकळी होणारी एक मुलगी बारा तास उभी असते. तिचं तान्हं बाळ सासूकडे. खलाशाने टाय सरळ केलेली चाळीस जणांनी पाहिली. माझ्या जागी थांबलेल्या त्या मुलीचा अर्धा तास कुणालाच दिसला नाही. एकावर दाखवलेली दया दुसऱ्याच्या वेळेतून येते, हे धरून बोलूया एवढंच म्हणणं आहे.

घागऱ्यो:
मला वेळेबद्दलच बोलायचं आहे. छोट्या आनंदांची यादी काढली की चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, येतेच. मला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली रानफळांची सजावट, फार प्रिय. लहानपणी बाबांबरोबर बाजारात जायचे, कांगलां, घागऱ्यो, कवंडाळ, आंबाडे, तोरंजन एकेक करून पिशवीत यायचं. कवंडाळाचा तो केशरी रंग अजून आठवतो. लग्नानंतर 11 चवथी झाल्या. देवासमोर आरत्या रंगतात तेव्हा मी खतखत्याच्या, म्हणजे मिश्र भाजीच्या, टोपाशी असते, नंतर नेवऱ्या (करंज्या) तळते. माटोळी मी उभं राहून शेवटची कधी पाहिली, सांगता येत नाही. आनंद छोटा असला तरी तो बघायला पाच मिनिटं लागतात, आणि ती आमच्या घरात बायकांना मिळत नाहीत. अर्थ शोधा म्हणणाऱ्यांनी आधी टोपाशी कुणाची पाळी ते ठरवावं. यंदा मी दिरांना सांगणार आहे, आरतीच्या वेळी तळणीवर तुम्ही बसा.

अबोली:
सगळं दोनदा वाचलं. रात्रपाळी, तुमचं म्हणणं मनात राहिलं आहे. घागऱ्यो, दिरांना जरूर सांगा. सडेतोड, तुमचा शेवटचा प्रश्न मला लागला, कारण उत्तर माहीत नव्हतं. रविवारी आईकडे गेले तेव्हा पहाटे गेटवर थांबले. पोदेर कर्नाटकातला, भट्टी भाड्याने घेतलेली. त्याचीही आई गावी एकटी. रोज दुपारी झोपायच्या आधी तो तिला फोन करतो. ही गोष्ट माझ्या आईला कधीपासून ठाऊक होती. पाव घेताना ती त्याला रोज विचारते, ‘काल आईने फोन उचलला रे?’ मी दोन वर्षांत त्याच्याशी एक शब्द बोलले नव्हते.

तरी मी माझ्या म्हणण्यावरून हटत नाही. आईने विचारलेल्या त्या प्रश्नावर पंचायतीचा माणूस नेमता येणार नाही. पण दुसरं तुमचं खरं आहे, सडेतोड. तो मे महिन्यात पंधरा दिवस गावी जातो. तेव्हा गेटवरची थैली कोण बघणार, हे वहिनींशी बोलून ठरवायचं आहे. पुढच्या ग्रामसभेची तारीखही विचारून घेतली आहे.