मदत हवी आहे: हवा साफ करणारा कोट बिल्डिंगला लावावा का? (नाशिक)

नमस्कार मंडळी, रंगकामातलं किंवा केमिस्ट्रीतलं कळणाऱ्या कोणीतरी प्लीज नीट सांगा, रविवारी सोसायटीची मीटिंग आहे आणि तिथेच फायनल होणार.

आमची बिल्डिंग इंदिरानगरला, हायवेच्या सर्व्हिस रोडला लागून. यंदा बाहेरून रंग द्यायचाय. कॉन्ट्रॅक्टरने साध्या एक्स्टिरिअर इमल्शनसोबत दुसरं एक कोटेशन दिलंय, त्यात वरून टायटॅनियम डायऑक्साइडचा पारदर्शक कोट आहे, ऊन पडलं की तो गाड्यांचा धूर खातो म्हणे, आणि खर्च जवळजवळ दीडपट.

गच्चीवर त्याने डेमो पण दिला. एक टाइल, अर्धी कोट लावलेली अर्धी साधी, दोन्हीकडे निळा डाय पुसला आणि उन्हात ठेवली, आमचा चहा होईपर्यंत कोटवाली बाजू पार फिकी पडली आणि दुसरी जशीच्या तशी निळी. सगळे खूश! कोट काम करतो हे मलाही पटलं, पण टाइलवरचा डाय उडाला म्हणजे माझ्या गॅलरीतली हवा साफ होईल हे कसं काय?

वाचलं त्यावरून एवढं कळलं की १९७२ ला फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांच्या पेपरनंतर हा विषय गाजला, अल्ट्राव्हायोलेट पडलं की त्या पृष्ठभागावर गाड्यांच्या धुरातल्या नायट्रोजन ऑक्साइड वायूंचं नायट्रेट (एक प्रकारचा क्षार) होतं आणि ते पावसात धुऊन जातं. रोमचं ज्युबिली चर्च २००३ मध्ये असल्याच सिमेंटचं बांधलं. म्हणजे थाप नक्कीच नाही. पण आमच्याकडे सासूबाईंना दमा आहे, आणि सकाळी ग्रिलवरून बोट फिरवलं की काळं येतं, त्यात आता सिंहस्थाच्या कामांची धूळ. ती धूळ हा कोट खाणार का?

प्रतिसाद:
ताई, नाही. धूळ नाही खाणार. भिंतीला जो वायू प्रत्यक्ष टेकतो त्याच्यावरच काम होतं, बाकीची हवा समोरून निघून जाते. हवेत तरंगणाऱ्या कणांचं त्याने काही होत नाही, उलट कोटवर धूळ बसली की ऊन आणि वायू दोन्ही आत पोचत नाहीत, म्हणजे धुवायला पाणी आणि झुल्याचा (बाहेरून दोरीवर लटकून काम करायच्या फळीचा) खर्च परत आलाच.
ब्रुसेल्सच्या एका बोगद्यात खास यूव्ही दिवे लावून असला कोट तपासला होता, नायट्रोजन ऑक्साइडमध्ये मोजण्याइतका फरक सापडला नाही, फार तर २ टक्के धरा. आणि तो बंद बोगदा होता, तुमचा तर उघडा हायवे.
मी रंगाच्याच लाईनमध्ये आहे म्हणून अजून एक सांगतो. नेहमीच्या पांढऱ्या रंगातही टायटॅनियम डायऑक्साइड असतंच, पण ते रूटाइल नावाच्या प्रकारचं, वरून सिलिका-ॲल्युमिनाचं आवरण दिलेलं, कारण असल्या कोटमध्ये वापरतात तो ॲनाटेज हा दुसरा प्रकार उघडा असला की उन्हात रंगातला बाइंडरच (रंग धरून ठेवणारा चिकट भाग) खातो आणि भिंतीला हात लावला की पांढरी पूड येते. म्हणून कोटखाली काय आहे, खालचा रंग वाचवायला मध्ये सिलिकाचा थर देणार का, हे लेखी घ्या. आयएसओ २२१९७-१ (असला कोट हवेतला नायट्रिक ऑक्साइड किती काढतो हे मोजायची आंतरराष्ट्रीय टेस्ट) चा रिपोर्ट मागा, पण तो वाचताना लक्षात ठेवा की ती टेस्ट छोट्या बंद चेंबरमध्ये तळहाताएवढ्या तुकड्यावर होते.

धागाकर्ती:
दादा खूप आभार, बाइंडरचं तर आम्हाला कोणीच बोललं नव्हतं. मी मीटिंगमध्ये स्पष्ट सांगणार आहे की भिंत जास्त दिवस स्वच्छ दिसावी म्हणून घ्यायचा असेल तर बघू, पण हवा साफ होईल या नावाखाली सिंकिंग फंडातले पैसे नकोत. त्यापेक्षा हायवेकडच्या सगळ्या स्लायडिंग खिडक्यांच्या फटी आणि रबर नीट करून घेऊ, धूळ घरात येते ती तिथूनच, आणि सासूबाईंच्या खोलीत हेपा फिल्टरचा (बारीक धूळ अडवणाऱ्या जाळीचा) प्युरिफायर आम्ही आमच्या पैशाने घेतोय.
फक्त एक मदत अजून हवी. आमची उत्तरेकडची भिंत बहुतेक वर्षभर सावलीतच असते, तिथेही कॉन्ट्रॅक्टरने पूर्ण एरिया धरलाय. नाशकात कोणाच्या बिल्डिंगला हा कोट लावून दोनेक पावसाळे झाले असतील तर उन्हाच्या आणि सावलीच्या दोन्ही भिंतींचे फोटो टाकाल का? रविवारच्या आत मिळाले तर प्रिंट काढून नेते.